कार्ड हातात आल्यावर

आमच्या अण्णांचा एक नियम होता. मोहोरावर सौदा करायचा नाही. पौषात रत्नागिरीजवळच्या गोळपच्या बागेत आंब्याची कलमं मोहोरली की व्यापारी मोटरसायकलींवरून फेऱ्या मारायला लागायचे, आणि बहुतेक बागायतदार तेव्हाच आकडा ठरवून मोकळे व्हायचे. अण्णा मात्र आलेल्याला चहा पाजायचे, हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि "फळ सुपारीएवढं होऊ दे, मग ये" म्हणून परत पाठवायचे. मोहोराचा काय भरवसा? दोन दिवस मळभ आलं, तुडतुड्याची कीड पडली की सगळा काळा. या नियमाने आमचं कधी नुकसान झालं नाही, हे मला मान्य आहे. माझं लग्नही त्यांनी याच नियमाने केलं.

शार्दूल राजापूरचा. न्यू जर्सीत कंप्युटरच्या कंपनीत होता. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा त्याचे आईवडील त्याला घेऊन आमच्याकडे आले. पडवीत बसून त्याने फणसाचे गरे खाल्ले, हात चिकाने माखून घेतले आणि मग ते पाण्याने धुवायला गेला. मी खोबरेल तेलाची बाटली पुढे केली आणि म्हटलं, "कोकणातलेच ना तुम्ही?" तो हसला. मला तो आवडला. उगाच आढेवेढे कशाला, त्याच क्षणी आवडला.

त्याच्या वडिलांचं म्हणणं होतं की याच सुट्टीत उरकून टाकू. शार्दूलच्या ग्रीन कार्डाचं काम चाललेलं होतं, सहा-आठ महिन्यांत होईल असं तो म्हणत होता. अण्णांनी नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"व्हिसावर आहे म्हणजे अजून मोहोरच की हो," ते म्हणाले. "उद्या नोकरी गेली, परत पाठवलंनी, तर? कार्ड हातात येऊ दे. मग दुसऱ्या दिवशी मुहूर्त काढू. तिला आई नाही, मलाच दोन्हीकडून बघायला हवं."

मला त्यांचं म्हणणं शहाणपणाचं वाटलं. माझी आई मी कॉलेजात असताना गेली, आणि तेव्हापासून अण्णांनी माझ्या बाबतीत एकही गोष्ट घाईने केली नव्हती. शार्दूल परत गेला. दिवाळीत कार्ड आलं. अण्णांनी वाडीत पेढे वाटले, मार्गशीर्षात लग्न झालं, आणि तीन आठवड्यांचा संसार करून माझा नवरा विमानात बसला. "तुझे कागद लगेच भरतो," म्हणाला. मी बॅग भरून ठेवली. लोकरीचे दोन स्वेटर मुंबईहून मागवले होते, ते सगळ्यात वर ठेवले.

शिमग्यात त्याचा फोन आला. पालखी वाडीत आली होती, अण्णा अंगणात रांगोळीपाशी उभे होते, आणि ढोलांच्या आवाजात मला काही धड ऐकू येत नव्हतं. त्यामुळे बिचाऱ्याला ते सगळं दोनदा सांगावं लागलं. तो वकिलाकडे जाऊन आला होता. वकील म्हणाला, कार्ड यायच्या आधी लग्न झालं असतं तर बायको म्हणून तुझ्याच अर्जात तिचं नाव लागलं असतं. तिला लगेच आणता आलं असतं. कार्ड मिळाल्यानंतर केलेल्या बायकोची रांग वेगळी, आणि ती रांग चार-पाच वर्षांची.

"म्हणजे आपण मे महिन्यात लग्न केलं असतं तर?" मी विचारलं.

"तर तू आत्ता इथे असतीस," तो म्हणाला.

खिडकीतून मला अण्णा दिसत होते. पालखी खांद्यावर घेऊन नाचवत होते, वयाला न शोभेल इतके. टोपी पडली तरी त्यांना भान नव्हतं. लेकीचं चांगलं झालं या आनंदात होता तो माणूस.

"शार्दूल," मी म्हटलं, "हे कुणाला सांगू नकोस. राजापूरला नको, आणि अण्णांना तर नकोच नको."

"बरं," तो म्हणाला. त्याने का म्हणून विचारलं नाही. त्यासाठी मी त्याला बऱ्याच गोष्टी माफ केल्या आहेत.

मग सुरू झाली ती रांग. मी ना सासरची ना माहेरची. एरवी गोळपला अण्णांकडे, कारण मिरकरवाडा बंदराजवळ एका बर्फाच्या कारखान्यात मी ऑफिस सांभाळत होते. महिन्यातून एकदा एस.टी.ने राजापूरला, सासूबाईंच्या हातचं खायला आणि शेजारणींच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला. कारखान्यावर बर्फ न्यायला येणारी मासेवाली गंगुबाई मला बघितलं की पाटी खाली ठेवून विचारायची, "काय गो बाय, अजून इथंच तू?" सुरुवातीला मी हसून उत्तर द्यायची. मग नुसतं हसायची. पुढे पुढे ती आली की मी गोदामात जाऊन लाद्या बघायची.

लोक सांगतात, सवय होते. होते की. शार्दूलचा फोन रविवारी सकाळी यायचा. आवाज समुद्रावरून येताना मध्ये जरा थांबायचा, त्यामुळे आम्ही दोघं एकदम बोलायचो, एकदम गप्प व्हायचो, आणि मग "तू बोल, नाही तूच बोल" यात मिनिटं जायची. त्याने काय जेवण केलं ते तो सांगायचा. मी सांगायची की वरच्या बाजूची दोन कलमं यंदा रुसलीयत. एकदा सर्दी झाली म्हणून त्याचा आवाज बदललेला होता, आणि तो दुसराच कुणी आहे अशी मला भीती वाटली. मग घाईघाईने लग्नाचा अल्बम काढून बसले. फोटोत तो सारखा भटजींकडेच बघतोय. त्या दिवशी मी मनसोक्त रडले, आणि अण्णांना सांगितलं की कांदे चिरत होते. घरात एक कांदा नव्हता.

मध्ये एकदा मुंबईला वकिलातीत जाऊन आले, निदान महिनाभर भेटून येऊ म्हणून. खिडकीपलीकडचा माणूस अगदी अदबीने म्हणाला, "नवरा तिथे आहे, मग तुम्ही परत कशाला याल?" प्रश्न बिनतोड होता, व्हिसा मिळाला नाही. त्यानंतरच्या गणपतीत शार्दूलच येऊन गेला. पहिले चार दिवस आम्ही पाहुण्यांसारखे वागलो, आणि जरा मोकळे झालो तेवढ्यात त्याची निघायची वेळ झाली.

आमचं दोघांचंच असं काही नव्हतं. एकत्र घर नाही, भांडीकुंडी नाही, साधं भांडणसुद्धा नाही. होतं ते एकच, अण्णांपासून लपवलेली ती गोष्ट. फोन ठेवायच्या आधी तो हळूच विचारायचा, "अण्णांना काही कळलं नाही ना?" आणि मी म्हणायची, "नाही." खरं सांगते, त्या एवढ्याशा बोलण्यात मला आपण कुणाची तरी बायको आहोत असं वाटायचं.

आणि अण्णा? अण्णा अमेरिकेतल्या जावयांचे तज्ज्ञ झाले होते. सलूनमध्ये, सोसायटीच्या मीटिंगला, कुणाच्या तेराव्याला, जिथे संधी मिळेल तिथे सांगायचे, "मी कार्ड हातात आल्यावरच मुलगी दिली. लागेल थोडा वेळ, पण काम पक्कं." माझ्या व्हिसाला लागणाऱ्या वेळाचं खापर ते अमेरिकेच्या सरकारवर फोडायचे. कधी लाडात येऊन म्हणायचे, "राहिलीस ती बरी राहिलीस, माझी सोय झाली." तेव्हा मात्र माझी तळपायाची आग मस्तकात जायची. ओठावर यायचं. मग बघायची तर ते माझ्यासाठी खोबऱ्याची वडी ठेवून स्वतः गूळ खात असायचे, आणि मी तोंड मिटायची.

दोन हजार एकच्या पौषात आत्मारामकाका आले. अण्णांचे शाळेपासूनचे मित्र, पावसला त्यांची बाग. सोबत त्यांची सानिका होती. तिचं लग्न ठरत होतं. मुलगा डेट्रॉइटला, माघात सुट्टीवर येणार होता, आणि त्याच्या घरचे म्हणत होते की या सुट्टीतच उरकून घेऊ. कार्डाचं काम चाललंय, वर्षाच्या आत होईल.

मी चहा घेऊन पडवीत आले तेव्हा अण्णा मांडी ठोकून बसले होते.

"आत्माराम, तुला म्हणून सांगतो, थांब," ते म्हणाले. "घाई कसली? कार्ड येऊ दे. हिच्या वेळी हिचे सासरे असेच मागे लागले होते. मी ऐकलं नाही. आज निर्धास्त आहे की नाही?"

आत्मारामकाकांनी मान डोलावली. सानिका माझ्याकडे बघत होती. नंतर माझ्या मागोमाग स्वैपाकघरात आली आणि म्हणाली, "ताई, तुझं काय मत? मला तो आवडलाय गो. पण बाबा अण्णाकाकांच्या शब्दाबाहेर जायचे नाहीत."

मी कपबश्या विसळत राहिले. "विचार करून करा," एवढंच बोलले. इतकं निरर्थक वाक्य मी आयुष्यात दुसरं बोलले नसेन.

तो आठवडा वाईट गेला. आत्मारामकाका मुलाकडच्यांना 'पुढच्या वर्षी' म्हणून कळवणार होते. गप्प बसले तर त्या मुलीच्या कपाळी माझीच रांग येणार होती, आणि बोलले तर अण्णांना कळणार होतं की ही रांग माझ्या कपाळी कुणी आणली. रविवारी शार्दूलला सांगितलं. तो म्हणाला, "सांगायला हवं, वैदेही. तुला जमत नसेल तर मी अण्णांशी बोलतो." मी म्हटलं, नको. परक्याच्या तोंडून कळण्यापेक्षा, असंही म्हणून गेले. तो परका म्हटल्याचं मला फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

मी आधी पळवाट शोधली. कारखान्यातून अर्धी रजा टाकून पावसला गेले आणि आत्मारामकाकांना म्हटलं, "काका, माघातच करून टाका. थांबू नका." ते म्हणाले, "अगो, पण का?" कारण सांगितलं तर ते अण्णांपर्यंत जाणारच. मी म्हटलं, "असंच. लांब राहणं कठीण असतं." काका हसले. "म्हणून तर पक्कं करून घ्यायचं," म्हणाले. सानिका दारात उभी होती, तिच्याकडे न बघता मी निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका आमच्याकडे हजर. अण्णा बागेत फवारणीच्या तयारीत होते, तिथून त्यांना हाक मारून आणलं.

"श्रीपती, तू सांगतोस थांब, आणि तुझी मुलगी घरी येऊन सांगते थांबू नका," काका म्हणाले. "कुणाचं खरं धरू मी?"

अण्णा माझ्याकडे वळले. रागावले नव्हते, गंमतच वाटत होती त्यांना. "काय गो, बापाच्या विरुद्ध वकिली सुरू केलीस?"

मी पदर खोचला. का खोचला माहीत नाही, काम काहीच नव्हतं.

"अण्णा," मी म्हटलं, "कार्ड यायच्या आधी लग्न झालं तर बायकोला बरोबर जाता येतं. कार्ड आल्यावर झालं तर तिला वेगळ्या रांगेत थांबावं लागतं. चार-पाच वर्षं. मी त्या रांगेत आहे."

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं. मग म्हणाले, "म्हणजे आपण त्या मे महिन्यात केलं असतं..."

"हो."

"तर?"

"तर मी गेले असते, अण्णा."

आत्मारामकाका उठून अंगणाच्या टोकाला गेले आणि कुंपणाच्या गडग्याकडे तोंड करून उभे राहिले. अण्णा पायरीवर बसले. हाताला फवारणीच्या औषधाचा वास येत होता, तोच हात त्यांनी तोंडावरून फिरवला. मी पाणी आणायला वळले तर म्हणाले, "थांब. तुला हे कधीपासून ठाऊक?"

"लग्नानंतरच्या शिमग्यापासून."

"दोन वर्षं होत आली," ते म्हणाले. "आणि मी गावभर सांगत फिरत होतो." मग मोठ्याने हाक मारली, "आत्माराम, ऐकलंस ना? माघातलाच दिवस धर. माझ्या नादी लागू नकोस." आणि चप्पल न घालताच बागेत निघून गेले. दुपारी जेवायला आले नाहीत. मी डबा घेऊन गेले, तर एका कलमाखाली बसले होते. मला बघून उठले आणि पलीकडच्या रांगेत जाऊन वाळकी पानं गोळा करायला लागले. मी डबा ठेवून परत आले.

आमच्यात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, पण माझ्यासमोर बसून जेवणं बंद केलं. मी उठायच्या आत बागेत जायचे. मी घरात असले की त्यांना गोठ्यात काम निघायचं. सलूनमध्ये जाणं सोडलं, दाढी घरी करायला लागले. त्या वर्षी व्यापारी मोहोरावर बोलायला आला, आणि अण्णांनी चहासुद्धा न पाजता, तो म्हणेल त्या आकड्याला बाग देऊन टाकली. मी म्हटलं, "अण्णा, असं काय करता?" तर म्हणाले, "मला कळतं असं नको समजूस."

सानिकाच्या लग्नात मात्र ते राबले. मांडवापासून रुखवतापर्यंत सगळं जातीने बघितलं. लग्न झालं, तिचे कागद झाले, आणि फाल्गुन सरायच्या आत तिचं तिकीट आलं. तिला सोडायला आम्ही रत्नागिरी स्टेशनवर गेलो. सानिकाने मला घट्ट मिठी मारली आणि कानात म्हणाली, "ताई, तू सांगितलंस म्हणून." मला तिचा हेवा वाटला. आनंदही झाला, पण हेवा जास्त वाटला. गाडी हलली तेव्हा मी अण्णांकडे बघितलं. ते सानिकाकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते, आणि मी वळल्याबरोबर त्यांनी मान फिरवली.

त्यानंतरच्या रविवारी फोन वाजला तेव्हा अण्णा घरातच होते. एरवी ते "काय जावईबापू, ठीक ना?" एवढंच विचारून फोन माझ्याकडे द्यायचे. त्या दिवशी रिसीव्हर उचलला तो दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"शार्दूलराव, मी श्रीपती बोलतोय," ते म्हणाले, जणू तो त्यांना ओळखत नव्हता. "मला तुमच्याशी बोलायचं होतं. तुमचे वडील सांगत होते ते बरोबर होतं. मी आडमुठेपणा केला. तुमची दोघांची वर्षं माझ्यामुळे गेली. मी तुमची माफी मागतो."

मी स्वैपाकघराच्या दारात उभी होते. माझ्या बापाला कुणाची माफी मागताना मी पहिल्यांदाच ऐकत होते, तीही आपल्यापेक्षा लहान माणसाची. अण्णा ऐकत होते. मध्येच "काय म्हणता?" म्हणाले. मग "असं?" "बरं," म्हणाले, "बरं, बरं. देतो तिच्याकडे." आणि रिसीव्हरवर तळवा ठेवून माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांनी ते माझ्याकडे सरळ बघत होते.

"तो म्हणतो, आधी लग्न केलं असतं तरी एवढीच वर्षं लागली असती," ते म्हणाले. "वकिलाची चूक होती म्हणे. नंतर दुसऱ्या वकिलाला विचारलंन."

रिसीव्हर घ्यायला मी हात पुढे केला.

"चांगला मुलगा आहे गो," अण्णा म्हणाले. "खोटं बोलायला जमत नाही बिचाऱ्याला."

त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि पडवीत गेले. मी तो कानाला लावला. तिकडे शार्दूल घाईघाईने विचारत होता, "वैदेही? काय म्हणाले? पटलं ना त्यांना?"

"पटलं," मी म्हटलं.

त्याने मोठा सुस्कारा सोडला, तो मला इथे ऐकू आला. दारातून मला अण्णांची पाठ दिसत होती. खांबाला धरून, आवाज न करता ते रडत होते, आणि मला त्या दोघांपैकी एकाजवळही जाता येत नव्हतं.